फ्लाइट रद्द झाली किंवा रखडली, तर काउंटरवर काय मागायचं आणि घरी येऊन काय लिहायचं

सांगलीत माझं तिकिटांचं ऑफिस आहे. रेल्वे, लक्झरी, विमान, सगळी तिकिटं होतात, पण अडचणीचे फोन येतात ते बहुतेक विमानाच्या तिकिटांचेच. आमच्याकडचा प्रवासी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पोचतो तोच मुळी चार-पाच तासांचा प्रवास करून. पहाटेची फ्लाइट असेल तर रात्री गाडी ठरवून निघतो, जेवणाचा डबा सोबत घेतो. आणि तिथे गेल्यावर कळतं की फ्लाइट सहा तास उशिरा आहे, किंवा नाहीच. अशा वेळी त्याचा पहिला फोन मला येतो आणि पहिला प्रश्न असतो, ‘ताई, आता काय मिळणार?’

या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण मागण्या तीन आहेत आणि त्या तिन्हींचे नियम वेगळे आहेत. एक, तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरी फ्लाइट. दोन, थांबावं लागतंय तोवरची सोय: चहा-नाश्ता, जेवण, काही वेळा हॉटेल. तीन, भरपाई, म्हणजे तिकिटाच्या पैशांव्यतिरिक्त वर मिळणारी रक्कम. लोक या तिन्हींची गल्लत करतात. काउंटरवरचा कर्मचारी म्हणतो, ‘हवामान खराब आहे, काही मिळणार नाही’, आणि माणूस तिन्ही मागण्या सोडून घरी येतो. खराब हवामानात तिसरी मागणी बहुतेक जाते, हे खरं. पण फ्लाइट रद्द झाली असेल तर पहिली कधीच जात नाही.

देशांतर्गत प्रवासासाठी हे सगळं ज्या नियमात आहे त्याचं नाव पाठ करून ठेवा: डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स या नियमावलीतला सेक्शन 3, सीरीज एम, पार्ट 4. हा नियम 2010 चा आहे, भरपाईचे आजचे आकडे 2016 च्या दुरुस्तीतून आले. तिकिटाच्या परताव्याचा नियम त्याच सीरीजमधला पार्ट 2. काउंटरवर ‘सीरीज एम, पार्ट 4’ एवढं जरी शांतपणे म्हटलंत, तरी समोरचा माणूस बोलायची पद्धत बदलतो. हे मी फोनवरून अनेकदा ऐकलंय.

तिकीट काढतानाच करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट मोबाईल नंबर. बुकिंगमध्ये प्रवाशाचा स्वतःचा नंबर आणि ईमेल असलाच पाहिजे. बरेच एजंट स्वतःचाच नंबर घालतात, म्हणजे गिऱ्हाईक आपल्याकडेच राहतं. घरातला मुलगा पुण्यातून आई-वडिलांचं तिकीट काढतो, तोही स्वतःचा नंबर घालतो. नियमात स्पष्ट आहे की प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल, तर रद्द झाल्याचं वेळेत न कळवल्याबद्दल भरपाई देण्याचं बंधन कंपनीवर नाही. म्हणजे एका दुसऱ्याच नंबरमुळे पाच-सात हजारांवर पाणी पडू शकतं. तुम्ही तिकीट कुठूनही काढा, पण छापील तिकिटावर तुमचा नंबर आहे का, हे त्याच दिवशी बघा. नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून बदलता येतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि इथे सगळ्यात मोठं नुकसान होतं. पुणे–दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्ली–लेह दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन वेगळी तिकिटं काढली की हजार-बाराशे रुपये वाचतात, म्हणून लोक ती काढतात. पण पुण्याची फ्लाइट उशिरा पोचली आणि लेहची सुटली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही ‘नो-शो’, म्हणजे न आलेले प्रवासी. पहिली कंपनी म्हणते, आमचं काम तुम्हाला दिल्लीला पोचवायचं होतं, ते आम्ही केलं. लेहचं तिकीट गेलं आणि त्या दिवशीचं नवं तिकीट तिप्पट भावाचं. तेच दोन टप्पे एकाच तिकिटावर असतील तर शेवटच्या मुक्कामाला पोचवणं ही कंपनीची जबाबदारी राहते. त्यामुळे पुढे लेह, पोर्ट ब्लेअर, परदेश असं काही असेल तर मी दोन तिकिटं काढून देत नाही. गिऱ्हाईक हट्टच धरतं, तेव्हा मधे एक रात्र ठेवायला लावते.

तिसरं, भाड्याची फोड. तिकिटावर किंवा इन्व्हॉइसवर बेस फेअर (मूळ भाडं), फ्युएल चार्ज, विमानतळाचे आकार, जीएसटी असे वेगवेगळे आकडे असतात. पोर्टलवरून काढलेल्या तिकिटावर पुष्कळदा फक्त एकूण रक्कम असते. फोड डाउनलोड करून ठेवा. भरपाईचं गणित बेस फेअर आणि फ्युएल चार्ज यांच्यावरच चालतं, एकूण रकमेवर चालत नाही.

फ्लाइट उशिरा आहे, रद्द नाही

तुम्ही वेळेत चेक-इनला पोचला आहात हे धरून पुढचं सांगते. उशीर किती झाल्यावर खायला द्यायचं, हे फ्लाइटच्या लांबीवर ठरतं. तिकिटावरची सुटण्याची आणि पोचण्याची वेळ यांतलं अंतर अडीच तासांपर्यंत असेल, तर दोन तासांच्या उशिराला खाणं-पिणं द्यायला हवं. पुणे–दिल्ली, मुंबई–नागपूर, मुंबई–गोवा सगळं यातच येतं. अडीच ते पाच तासांची फ्लाइट असेल तर तीन तासांचा उशीर, त्याहून लांब असेल तर चार तासांचा. दोन तास उलटले की काउंटरवर जाऊन मागायचं. मागितल्याशिवाय कूपन येईल अशी वाट बघत बसू नका. म्हातारं माणूस सोबत असेल, मधुमेह असेल, तर ते आधी सांगा.

उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर तुम्हाला निवड करता येते: सहा तासांच्या आतली दुसरी फ्लाइट, किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत. ही निवड तुमची, कंपनीची नव्हे. कंपनीने ‘नवी वेळ रात्री नऊ’ असा मेसेज पाठवला म्हणून तुम्ही नऊपर्यंत थांबलंच पाहिजे असं काही नाही.

हॉटेलचा नियम मात्र लोकांना नीट माहीत नसतो. उशीर 24 तासांपेक्षा जास्त असेल तर हॉटेल आणि तिथपर्यंतची ने-आण मोफत. आणि फ्लाइटची मूळ वेळ रात्री 8 ते पहाटे 3 यांच्या मधली असेल, तर सहा तासांपेक्षा जास्त उशिरालाही हॉटेल. पहाटे पाचची फ्लाइट दुपारी तीनवर गेली, तर या नियमाने हॉटेल मिळत नाही. मला हा नियम अपुरा वाटतो. पहाटे पाचच्या फ्लाइटसाठी आमच्या मिरजेचा, इस्लामपूरचा माणूस रात्री नऊला घर सोडतो, त्याची रात्र तशीही गेलेलीच असते. विमानतळाच्या शेजारी राहणारा आणि अडीचशे किलोमीटरवरून आलेला, दोघांना एकाच पट्टीने मोजलं जातं. नियम बदलेपर्यंत उपाय एकच, लांबून येणाऱ्यांनी दिवसाढवळ्याची फ्लाइट घ्यावी, थोडी महाग पडली तरी.

आणखी एक. फक्त उशिराबद्दल, म्हणजे फ्लाइट सुटली पण पाच तास उशिरा सुटली, याबद्दल भारतीय नियमात ठरावीक रोख भरपाई नाही. जेवण, परतावा, हॉटेल इथपर्यंतच. त्यापुढचं नुकसान मागायचं तर ग्राहक आयोगात जावं लागतं, त्याकडे नंतर येते.

फ्लाइट रद्द झाली

‘ताई, मेसेज आलाय, फ्लाइट कॅन्सल. ॲपवर कॅन्सलचं बटण दाबू का?’ हा फोन आला की मी आधी म्हणते, ‘थांबा, काहीही दाबू नका.’ ॲपमधलं नेहमीचं कॅन्सल बटण म्हणजे प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द करणं. त्यावर कॅन्सलेशन चार्ज कापला जाऊ शकतो, आणि पुढे कंपनी म्हणू शकते की तुम्हीच रद्द केलंत. कंपनीने रद्द केलेल्या फ्लाइटसाठी वेगळी लिंक येते, त्यात दोन पर्याय असतात: दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण परतावा. त्याच लिंकवर जा, आणि त्याआधी मूळ मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या. मेसेज किती वाजता आला ती वेळ स्क्रीनशॉटमध्ये दिसली पाहिजे.

त्या वेळेवरच पुढचं सगळं ठरतं. कंपनीने दोन आठवडे आधी कळवलं, तर दुसरी फ्लाइट किंवा परतावा, विषय संपला. दोन आठवड्यांच्या आत पण सुटण्याच्या 24 तास आधीपर्यंत कळवलं, तरी तेच दोन पर्याय, तुम्हाला मान्य होईल तो. 24 तासही उरलेले नसताना कळवलं, किंवा विमानतळावर पोचल्यावरच कळलं, तर या दोन पर्यायांखेरीज भरपाईही द्यावी लागते. आकडे असे: तासाभरापर्यंतची फ्लाइट असेल तर 5,000 रुपये, एक ते दोन तासांची असेल तर 7,500, दोन तासांच्या वर 10,000. पण पूर्ण आकडा मिळेलच असं नाही. हा आकडा आणि तुमचं एका बाजूचं बेस फेअर अधिक फ्युएल चार्ज, यांत जे कमी असेल ते मिळतं.

समजा, पुणे–दिल्लीचं तिकीट 6,100 रुपयांना पडलं, त्यात बेस फेअर 4,300 आणि फ्युएल चार्ज 500. फ्लाइट दोन तासांच्या वरची, म्हणून कमाल 10,000. पण तुमचं बेस अधिक फ्युएल होतं 4,800. तर भरपाई 4,800, आणि परतावा घेतलात तर तिकिटाचे 6,100 वेगळे. दहा हजारांची आशा धरून बसलेल्या माणसाला हे ऐकून वाईट वाटतं, म्हणून आधीच सांगते. सणासुदीला चढ्या भावाने काढलेलं तिकीट असेल, तरच वरचा आकडा लागू होण्याची वेळ येते.

विमानतळावर पोचल्यानंतर रद्द झाली आणि तुम्ही दुसऱ्या फ्लाइटसाठी थांबलात, तर तोवरचं खाणं-पिणं कंपनीकडे. आणि भरपाई प्रत्येक प्रवाशाची वेगळी असते. एका पीएनआरवर चौघं असतील तर मागणी चौघांची.

कारण लेखी घ्या

सगळ्यात जास्त वेळ मी लोकांना हे समजवायला घालवते. भरपाई मिळणार की नाही, हे रद्द होण्याच्या कारणावर ठरतं. राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, स्फोट, सरकारी आदेश, संप, अशा कारणांना कंपनी जबाबदार नाही. हवामान, एअर ट्रॅफिक कंट्रोल (एटीसी) आणि सुरक्षेचा धोका यांतही सूट आहे. या यादीत विमानातला तांत्रिक बिघाड नावाने नाही. वैमानिक कमी पडले, विमान दुसऱ्या मार्गावर वळवलं, प्रवासी कमी होते म्हणून दोन फ्लाइट एकत्र केल्या, यातलंही काही नाही. यादीच्या शेवटी ‘कंपनीच्या आवाक्याबाहेरची इतर कारणं’ असे शब्द आहेत, आणि कंपन्या सगळं काही त्यात बसवू पाहतात. पण स्वतःचं विमान आणि स्वतःचा कर्मचारीवर्ग आवाक्याबाहेर आहे हे सिद्ध करायचं काम त्यांचं.

मेसेजमध्ये बहुतेक वेळा नुसतं ‘ऑपरेशनल रीझन’ लिहिलेलं असतं. या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. काउंटरवर जाऊन म्हणायचं, ‘फ्लाइट कोणत्या कारणाने रद्द झाली ते मला ईमेलवर किंवा कागदावर लिहून द्या.’ इन्शुरन्ससाठी हवंय म्हटलं तर चटकन देतात, आणि ते खोटंही नाही, इन्शुरन्सला हे पत्र लागतंच. दिलं नाही तर तिथूनच कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा: अमुक फ्लाइट, अमुक वेळी रद्द झाल्याचं सांगितलं, कारण विचारलं, उत्तर मिळालं नाही. एवढा ईमेल पुढे मोठा पुरावा होतो, कारण त्यावर वेळ असते.

हवामानाचं कारण दिलं असेल तर तेही तपासता येतं. डिपार्चर बोर्डाचा फोटो घ्या. त्याच तासात त्याच शहराकडे दुसऱ्या कंपन्यांची विमानं सुटली का? फ्लाइटरडार24 सारख्या ॲपवर घरी येऊनही मागच्या काही दिवसांच्या फ्लाइट्स बघता येतात. दिल्लीत धुकं आहे म्हणून तुमची फ्लाइट रद्द झाली, आणि मागच्या-पुढच्या अर्ध्या तासात दिल्लीकडे तीन विमानं उडाली, तर प्रश्न विचारायला जागा आहे. प्रत्येक वेळी कंपनी खोटं बोलते असं माझं म्हणणं नाही. धुक्यात उतरण्याचं प्रशिक्षण वैमानिकाला असावं लागतं, विमानही तसं सज्ज असावं लागतं, त्यामुळे एक उडतं आणि दुसरं थांबतं असंही होतं. पण ते कंपनीने लिहून सांगावं.

खरोखरच धुकं असेल तर काय, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या एका निकालात दिलंय. इंटरग्लोब एव्हिएशन विरुद्ध एन. सच्चिदानंद हे ते प्रकरण. डिसेंबर 2007 मध्ये दिल्लीहून हैदराबादला जाणारी फ्लाइट दाट धुक्यामुळे कित्येक तास रखडली, प्रवासी विमानातच बसून राहिले. हैदराबादच्या स्थायी लोकअदालतीने दहा हजारांची भरपाई दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण धुकं आणि एटीसीची परवानगी कंपनीच्या हातात नसते. पण त्याच निकालात न्यायालयाने म्हटलं की रखडलेल्या प्रवाशांची किमान काळजी घेणं लो-कॉस्ट कंपनीलाही चुकत नाही. त्यामुळे धुक्याचं कारण सांगून कोणी पाणी आणि जेवणही नाकारू लागलं, तर हा निकाल सांगा.

उलट उदाहरण डिसेंबर 2025 चं. वैमानिकांच्या ड्यूटीच्या आणि विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा 1 नोव्हेंबरपासून लागू झाला, त्यासाठी इंडिगोचं मनुष्यबळाचं नियोजन पुरं पडलं नाही, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशभर फ्लाइट्स रद्द होत गेल्या. 5 तारखेला एका दिवसात हजाराहून जास्त रद्द झाल्या. सरकारने 7 डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत राहिलेले परतावे देऊन टाकायचा आदेश काढला. जास्त हाल झालेल्या प्रवाशांना कंपनीने 10,000 रुपयांची ट्रॅव्हल व्हाउचर्स जाहीर केली, आणि 24 तासांच्या आत रद्द झालेल्या फ्लाइट्ससाठी नियमाप्रमाणे 5,000 ते 10,000 ची भरपाई याशिवाय वेगळी आहे असंही सांगितलं. हे ‘वेगळी’ महत्त्वाचं आहे. कंपनीने आपणहून काही दिलं म्हणून नियमातली भरपाई बुडत नाही.

ओव्हरबुकिंगबद्दल थोडक्यात. कन्फर्म तिकीट आहे, वेळेत पोचलात, तरी जागा नाही म्हणाले, तर कंपनीने आधी स्वखुशीने मागे राहणारे प्रवासी विचारायला हवेत. तुम्हालाच मागे ठेवलं आणि एका तासात दुसऱ्या फ्लाइटने पाठवलं, तर काही नाही. 24 तासांच्या आत पाठवलं तर बेस फेअर अधिक फ्युएल चार्जच्या दुप्पट, कमाल 10,000. 24 तासांनंतर पाठवलं तर चौपट, कमाल 20,000. तुम्ही जायचंच नाही ठरवलं तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर चौपट, कमाल 20,000.

पैसे कशात परत घ्यायचे

परतावा ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा ठेवायचा की बँकेत घ्यायचा, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. पार्ट 2 मध्ये हे स्वच्छ लिहिलंय. ॲपवर मात्र क्रेडिट शेलचं बटण मोठं आणि ठळक असतं, बँकेचा पर्याय खाली बारीक अक्षरात. खालचं शोधा. वर्षातून एकदा विमानाने जाणाऱ्या माणसाला क्रेडिट शेलचा उपयोग नाही, मुदत संपते आणि पैसे जातात. आणि कंपनीच बंद पडली तर? जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये थांबली, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. ज्यांचे पैसे आत अडकले होते ते दिवाळखोरीच्या रांगेत उभे राहिले.

क्रेडिट कार्डने भरले असतील तर परतावा 7 दिवसांत यायला हवा. एजंटकडून किंवा पोर्टलवरून तिकीट काढलं असेल तर पैसे त्याच वाटेने परत येतात, पण परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहते, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी. पोर्टल म्हणतं कंपनीने दिले नाहीत, कंपनी म्हणते आम्ही पोर्टलला दिले, आणि प्रवासी मधे. कंपनीला लेखी विचारा: कोणत्या तारखेला, किती रक्कम, कोणत्या संदर्भ क्रमांकाने पाठवली. तो क्रमांक मिळाला की पोर्टलला टाळाटाळ करता येत नाही. मी स्वतः एजंट आहे, तरी सांगते: असा क्रमांक मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम आधी होतं.

परदेशची तिकिटं

आमच्या भागातल्या कितीतरी घरांतली मुलं जर्मनीत, इंग्लंडात, अमेरिकेत आहेत आणि आई-वडील वर्षाआड जातात. त्यांना माहीत नसलेली गोष्ट ही की युरोपचा नियम भारतीय पासपोर्टवाल्यालाही लागू होतो. युरोपियन युनियनचा 261/2004 हा नियम. युरोपियन युनियनमधल्या विमानतळावरून निघणारी कोणत्याही कंपनीची फ्लाइट त्यात येते. युरोपियन युनियनकडे येणारी फ्लाइट मात्र कंपनी तिकडची असेल तरच. म्हणजे भारतीय कंपनीने मुंबईहून फ्रँकफर्टला गेलात तर हा नियम नाही, पण त्याच कंपनीने फ्रँकफर्टहून मुंबईला परत आलात तर आहे.

तिथे उशिरालाही रोख भरपाई आहे, हा आपल्या नियमाशी मोठा फरक. शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलात आणि कारण असाधारण नसेल, तर 3,500 किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला 600 युरो. उशीर तीन ते चार तासांमधला असेल तर निम्मे करता येतात. नेहमीचा तांत्रिक बिघाड तिथे असाधारण मानत नाहीत, युरोपच्या न्यायालयाने 2008 मध्येच तसं ठरवलंय. ब्रिटनने बाहेर पडल्यावर जवळपास हाच नियम स्वतःचा म्हणून ठेवला, तिथे लांबच्या प्रवासाला 520 पौंड. कंपनीच्या वेबसाइटवर या दाव्याचा फॉर्म असतो, घरबसल्या भरता येतो. दावा मिळवून देणाऱ्या मध्यस्थ कंपन्या मोठा वाटा कापून घेतात, त्यामुळे आधी स्वतः भरून बघा.

अमेरिकेत उशिराला सक्तीची रोख भरपाई नाही. मात्र फ्लाइट रद्द झाली, किंवा देशांतर्गत 3 तास आणि आंतरराष्ट्रीय 6 तासांच्या वर वेळ सरकली, आणि तुम्ही जायचं नाही ठरवलं, तर परतावा मूळ कार्डावरच द्यावा लागतो.

या सगळ्यांवर आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाचा मॉन्ट्रियल करार आहे. भारत त्यात 2009 मध्ये आला, आपल्या 1972 च्या कॅरेज बाय एअर ॲक्टला तो जोडला आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात उशिरामुळे झालेलं प्रत्यक्ष नुकसान, म्हणजे हॉटेल, दुसरं तिकीट, टॅक्सी, बिलं दाखवून मागता येतं. ते द्यायचं टाळायचं असेल तर आपण शक्य ते सगळं केलं होतं, हे कंपनीने सिद्ध करायचं असतं. म्हणून परदेशात अडकलात तर प्रत्येक पावती जपा, कॉफीचीसुद्धा. सामान मोडलेलं मिळालं तर 7 दिवसांत, उशिरा मिळालं तर हातात आल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते.

तक्रार कशी लिहायची

पहिला ईमेल विमान कंपनीला. लांबलचक हकिगत नको. असं लिहा:

‘माझं नाव अमुक, पीएनआर अमुक, फ्लाइट क्रमांक, तारीख, मूळ वेळ. फ्लाइट रद्द झाल्याचा मेसेज अमुक तारखेला अमुक वाजता आला, म्हणजे सुटण्याच्या इतके तास आधी. कारण लेखी मागितलं, अमुक उत्तर मिळालं. डीजीसीएच्या सेक्शन 3, सीरीज एम, पार्ट 4 नुसार प्रत्येक प्रवाशामागे इतके रुपये, एकूण इतक्या प्रवाशांचे इतके रुपये, आणि तिकिटाचे इतके रुपये माझ्या बँक खात्यात जमा करावेत. सूट लागू असल्याचं आपलं म्हणणं असल्यास त्याचं नेमकं कारण आणि पुरावा कळवावा.’

शेवटचं वाक्य सोडू नका. पुढचं सगळं भांडण त्यावर चालतं.

उत्तर आलं नाही किंवा साचेबंद आलं, तर कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, आणि त्यानंतर अपील अधिकाऱ्याला. दोघांचे ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतात. त्याच्या जोडीला नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. माझा अनुभव असा की अडकलेला परतावा एअरसेवावर तक्रार गेली की बहुतेक सुटतो, भरपाईसाठी मात्र जास्त चिकाटी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915, तिथेही मराठीत बोलता येतं.

यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे लोक बिचकतात. तिकिटाच्या अटींमध्ये ‘फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते वाचून सांगलीचा माणूस गप्प बसतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सांगलीचा माणूस सांगलीत, जतचाही सांगलीतच. वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करायची, पण एवढं थांबू नका. फोन बदलतो, मेसेज उडतात.

आयोगात भरपाईच्या ठरावीक आकड्यापुढे जाऊन मनस्ताप, बुडालेलं हॉटेल बुकिंग, तक्रारीचा खर्च हेही मागता येतं. मिळेल किती, हे पुराव्यावर. पावती असलेलं नुकसान मोठ्या आकड्याने न मागता नेमकं मागा. सोबत जोडायचे कागद: तिकीट आणि भाड्याची फोड, मेसेजचा वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, बोर्डाचा फोटो, कारणाचं पत्र किंवा ते मागितल्याचा ईमेल, कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने, खर्चाच्या पावत्या. एका पीएनआरवरच्या सगळ्या सज्ञान प्रवाशांची नावं तक्रारदार म्हणून घाला आणि प्रत्येकाची सही घ्या. नाहीतर ज्याचं नाव आहे त्याच्यापुरतंच बोला, असा आक्षेप पहिल्याच तारखेला येतो.